शेजाराचं पुनर्वसन

लातूरहून औसा, लामजना करत उमरग्याकडे निघालं की वाटेत किल्लारी लागते. रस्त्यावरून दिसतं ते नवं गाव. सरळ, रुंद रस्ते, काटकोनात फुटलेल्या गल्ल्या, एका मापाची घरं आणि त्या मापाला न जुमानता पुढे-मागे वाढलेल्या पत्र्याच्या शेड. जुनं गावठाण वेगळं आहे. तिथं दगडांचे ढीग होते, वेड्या बाभळी माजल्या आणि अधूनमधून एखादा चौथरा अजूनही ओळखू येतो. या भागातला माणूस आपल्या आयुष्यातली कुठलीही गोष्ट सांगताना आधी ती भूकंपाच्या अलीकडची की पलीकडची हे ठरवतो. लग्न, बाळंतपण, वाटणी, विहीर, सगळ्याला हीच खूण लावतात.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालं होतं, माणसं उशिरा आडवी झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदली गेली. हा आकडा जगाच्या मानाने प्रचंड नव्हता, पण केंद्र उथळ होतं आणि ते नेमकं दाट वस्तीच्या खाली होतं. तेरणा नदीच्या दोन्ही काठांवरची किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव, पेठसांगवी अशी गावं काही सेकंदांत मातीखाली गेली. मृतांच्या आकड्यांत सरकारी नोंदी आणि नंतरचे अंदाज जुळत नाहीत, पण ते सगळे आठ ते दहा हजारांच्या आसपास फिरतात. त्यानंतर पाऊस कोसळत राहिला. सरणाला लाकूड पुरेना, तेव्हा माळवदांच्या तुळयाच चितेवर चढल्या.

या भूकंपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मदतीचा ओघ, प्रशासनाची धावपळ, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेलेली सुमारे १२०० मुलं, जागतिक बँकेचं कर्ज, सगळ्याची नोंद झाली. या लेखात त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारायचा आहे. गाव एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येतं का? लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतल्या ५२ गावांनी हा प्रयोग स्वतःच्या अंगावर केला आहे. त्याचं उत्तर त्यांच्या गल्ल्यांत आणि ओट्यांवर लिहिलेलं आहे. ते वाचायला हवं, कारण महाराष्ट्रात गावं उठवण्याचं काम थांबलेलं नाही.

खणमाळवदाचं घर

आधी जुनं घर समजून घेऊ. मराठवाड्यात घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर, नऊ खणांचं घर असं सांगितलं की ऐकणाऱ्याला त्या घराची ऐपत कळत असे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढायची, कारण गळती थांबवायची तीच रीत होती. बाप चढवायचा, मग मुलगा चढवायचा, आणि दोन पिढ्यांत फुटाची दीड-दोन फूट माती होऊन बसायची. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छताला सवणं असायचं. उन्हाळ्याच्या रात्री सगळं घर माळवदावर निजायला जायचं. घरं एकमेकांना इतकी खेटून होती की एका माळवदावरून दुसऱ्यावर सहज जाता यायचं.

बाहेरच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या. भिंतीला दोन तोंडं असत, बाहेरचं आणि आतलं, आणि मध्ये दगडगोट्यांची भर. या दोन तोंडांना एकमेकांत अडकवणारा आरपार जोडदगड मात्र पुष्कळ भिंतींत नव्हता. जमीन हलली तेव्हा दोन्ही तोंडं सुटली, भिंत फुगली आणि आत पडली. त्यावर माळवदाची टनावारी माती आली. दगडांनी माणसं मारली, तशीच मातीनेही गुदमरवून मारली. खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथं भिंती ढासळूनही छत उभं राहिल्याचं अनेकांनी पाहिलं.

दारातून आत शिरलं की आधी ढेलज, मग चौक, भोवती ओसरी, भिंतीत धान्याचं बळद, बाजूला गोठा. ढेलजेत परका माणूस बसू शके, ओसरीपर्यंत सोयरा येई, त्याच्या आत घरचेच. गल्ली अरुंद होती, त्यामुळे तिथं दिवसभर सावली असे. बायकांच्या मागच्या दारांची एक वेगळी वाट होती. पारावर बसलेल्या पुरुषांच्या नजरेत न येता त्या एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकत. विरजण मागायला, पापड लाटायला, माहेरची चिठ्ठी वाचून घ्यायला. मारुतीचं देऊळ, चावडी, आड आणि वेस या चार ठिकाणांवरून गावात कुठंही जायचं सांगता येई.

हे सगळं कुणी कागदावर आखलेलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्यांच्या भांडणांतून, वाटण्यांतून, लग्नांतून ते तयार झालं होतं. दोन भावांमधली भिंत कुठं उभी राहिली आणि तिच्यात दार का ठेवलं, याला एक गोष्ट होती. म्हणूनच माणसाला आपल्या गावात अंधारातही चालता येत होतं.

भीती आणि निवड

लोकांना जुनं गाव सोडायला कुणी भाग पाडलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. भूकंपाआधी वर्षभर या भागात धक्के बसत होते. ऑगस्ट १९९२ पासून जमिनीतून गुरगुर ऐकू येई, ऑक्टोबर १९९२ मध्ये एक मोठा धक्का बसून घरांना तडे गेले होते. माणसं कित्येक रात्री अंगणात, शेतात झोपली. मग धक्के कमी झाले, आणि लोक घरात परतले. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, न हलणारा खडक, ही समजूत शास्त्रज्ञांचीही होती. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००२ मध्ये मानकं बदलली, ते पहिलं क्षेत्रच नकाशातून काढून टाकलं गेलं.

अशा अनुभवानंतर दगडाच्या घरात पुन्हा पाऊल टाकायला कोण धजावेल? ज्या गल्लीतून आपल्या माणसांची प्रेतं काढली त्या गल्लीत राहायला लोकांनीच नकार दिला. त्यांनी सिमेंटचं घर मागितलं आणि दुसरी जागा मागितली. कित्येक जण नवी पक्की घरं मिळाल्यावरही वर्षानुवर्षं पत्र्याखाली निजत राहिले. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतो, हा हिशेब त्यांना अनुभवाने कळला होता.

सरकारने गावांची वर्गवारी केली. ज्यांचं जवळजवळ सगळं गेलं होतं ती ५२ गावं नव्या जागी न्यायची. काही गावं आहेत तिथंच नव्याने बांधायची. आणि तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे दोन लाख घरांची लोकांनी स्वतः, सरकारी मदतीतून, दुरुस्ती करायची. स्थलांतरित गावांमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस हजारांच्या घरात घरं बांधली गेली. इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या वेगाने खेड्यांची पुनर्रचना देशात त्याआधी क्वचितच झाली होती. ज्यांनी ती केली त्यांच्या कष्टांबद्दल कृतज्ञताच वाटायला हवी.

पट्टीने आखलेलं गाव

पण नव्या गावाचा आराखडा शहराच्या वसाहतीसारखा झाला. जमीन सपाट आणि मोकळी मिळाली, आखणाऱ्यांच्या हातात पट्टी होती आणि दाते घाईत होते. भिंती पडून गल्ल्या बुजल्या आणि मदत आत पोचेना, ही आठवण ताजी होती, म्हणून रस्ते रुंद ठेवले गेले. घरांमध्ये अंतर ठेवलं गेलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. एकत्र आल्यावर मात्र त्यांनी गाव पसरट करून टाकलं. जुन्या गावठाणाच्या कित्येक पट जमिनीवर तीच माणसं विखुरली.

घराचं माप जमिनीच्या मापावर ठरलं. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. आकाराप्रमाणे बांधायचं तर एका आकाराची घरं एका रांगेत येणं सोपं असतं. त्यामुळे अनेक ठिकाणी शेजार जमिनीच्या एकरांवर ठरू लागला. ज्याच्या शेतात वर्षानुवर्षं सालगडी म्हणून राबलं त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर आता गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. विभक्त म्हणून नोंद झालेले भाऊ वेगवेगळ्या रांगांत गेले. म्हाताऱ्या आईला ठरवावं लागलं की आपलं अंथरूण कुणाच्या २५० फुटांत टाकायचं.

त्या २५० फुटांत गोठा नव्हता. कडबा कुठं रचायचा, बैलगाडी कुठं सोडायची, सरपण कुठं ठेवायचं, याचा विचार नकाशात नव्हता. जनावरं शेतातल्या आखाड्यावर गेली आणि त्यांच्या राखणीला घरातला एक माणूसही गेला. दार उघडलं की थेट रस्ता दिसायचा. ढेलज नाही, ओसरी नाही. बसायला आलेल्या माणसाला एकदम घरात घ्या किंवा उन्हात उभं ठेवा, अशी अवस्था झाली. बायकांची मागची वाट बुजली. सरळसोट उघड्या रस्त्यावरून शेजारणीकडे जाणं म्हणजे सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत जाणं होतं. मग जाणंच कमी झालं.

एका ठिकाणी तर घुमटाच्या आकाराची घरं उभी राहिली. इंजिनिअरच्या दृष्टीने घुमट भूकंपाला उत्तम. पण ज्या माणसाला कपाट भिंतीला लावायचं आहे, देवाचा कोनाडा करायचा आहे आणि उन्हाळ्यात छतावर झोपायचं आहे, त्याने गोल भिंतीचं काय करायचं? याच्या उलट उदाहरणही आहे. बाणेगाव हे गाव मल्याळ मनोरमा या केरळच्या वृत्तपत्राने दत्तक घेतलं आणि घरांच्या रचनेसाठी लॉरी बेकर यांना बोलावलं. बेकर आयुष्यभर सांगत आले की जवळचं साहित्य वापरावं आणि माणसं कशी राहतात ते आधी पाहावं. पैसा दात्यांचाच, घाईही तीच, पण आधी प्रश्न कुठला विचारला यावर गाव बदलतं.

पुढच्या टप्प्यात एक मोलाचं काम झालं ते दुरुस्तीच्या गावांत. स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. भिंतीत जोडदगड कसा घालायचा, माळवदाची माती किती कमी करायची, दारा-खिडक्यांवरून सिमेंटचा सलग पट्टा का फिरवायचा, हे या बायकांनी शिकून घेतलं आणि गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करवून घेतलं. याचा अर्थ असा की जुनं घर सुरक्षित करता येत होतं. दगड खुनी नव्हता, रचना चुकली होती. परंतु ५२ गावांपुरती ही शक्यता तपासायला कुणाला उसंत मिळाली नाही, आणि लोकांच्या मनातही दगडाबद्दल धास्ती बसली होती. पाथरवट आणि सुतारांच्या पुढच्या पिढीने ती हत्यारं हातात घेतली नाहीत. माळवद घालणारे हात एका पिढीत गेले.

जुनं गाव कुणाचं होतं?

इथं एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे. जुन्या गावाच्या आठवणीने गळा दाटून येणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं नाही. ज्याचा वाडा गावाच्या मध्यावर होता त्याची आठवण वेगळी, आणि ज्याची झोपडी गावकुसाबाहेर होती त्याची वेगळी. मागच्या पिढ्यांना ज्या आडावर पाणी भरू दिलं नाही, त्या आडासाठी कुणी का झुरावं? भूमिहीन दलित कुटुंबाला भूकंपानंतर पहिल्यांदा स्वतःच्या नावावर सिमेंटचं घर मिळालं, दारापर्यंत गाडी येईल असा रस्ता मिळाला. त्यांच्यासाठी नवं गाव हे उपरं ठिकाण नव्हतं, ती हक्काची जागा होती.

जागेचा अर्थ माणसागणिक बदलतो तो असा. एकाच चौकात एकाला आपलेपण वाटतं आणि दुसऱ्याला पायरी आठवते. म्हणून जुन्या गावाची हुबेहूब नक्कल करा अशी मागणी करता येत नाही. मागणी एवढीच आहे की नव्या गावात कुणी कुणाजवळ राहायचं हे माणसांनी ठरवावं, सातबाऱ्याच्या क्षेत्राने किंवा ठेकेदाराच्या सोयीने ठरू नये. आकाराप्रमाणे रांगा लावल्या की जुनी उतरंड नव्या सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहते, तीही सरकारी नकाशावर.

माणसांनी घडवलेली जागा

तीस वर्षांत लोकांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. घर ताब्यात आल्यावर पहिली वाढ दाराच्या पुढे झाली. चार खांब, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. म्हणजे ढेलज परत आली. मग मागच्या बाजूला चुलीची खोली निघाली, कारण आतल्या स्वयंपाकघरात गॅसही चालेना आणि धूरही मावेना. मग अंगणाला भिंत आली. तिने रस्त्याची नजर अडवली आणि घराला चौक दिला. दोन भावांनी शेजारच्यांशी अदलाबदल करून घरं जवळ आणली, कुणी विकली, कुणी कुलूप लावून धान्य साठवायला ठेवली. रुंद रस्त्याच्या कडेला कट्टे झाले, कडुनिंब लावले गेले, आणि त्यांच्या सावलीत पुन्हा माणसं बसू लागली. सरकारने समाजमंदिर दिलं होतं, पण गावाने वर्गणी काढून मारुतीचं देऊळ स्वतः बांधलं. शिक्क्याच्या गावावर लोकांनी आपलं गाव लिहून काढलं. पुनर्वसनाचे अभ्यासक रोहित जिग्यासू यांनी मराठवाड्यातल्या या गावांचा अभ्यास केला तेव्हा लोकांच्या स्वतःच्या ज्ञानाची आणि नव्या बांधणीची हीच फारकत त्यांना महत्त्वाची वाटली.

असं होण्याला किती काळ लागतो हे लक्षात घ्या. झाड सावली धरायला दहा-पंधरा वर्षं घेतं. तोवर ज्यांना त्या सावलीची गरज होती ती म्हातारी माणसं निघून गेली. भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांना जुनं गाव हे शाळेतल्या इतिहासासारखं वाटतं आणि त्यात गैर काही नाही. त्यांचं गाव हेच आहे. मधल्या पिढीची मात्र दोन्हीकडून ओढाताण झाली. वर्षात एकदा, ३० सप्टेंबरला, स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. पण जुन्या गावठाणातल्या देवळात दिवा लावायला जाणारे वर्षभर जात असतात. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं मंदिर दुष्काळात पाणी ओसरून उघडं पडतं, तेव्हा तिथंही अशीच माणसं चिखल तुडवत दर्शनाला पोचतात. देव नव्या गावात आणता येतो, त्याची जागा आणता येत नाही, हे त्यांना माहीत असतं.

दुसरं दुःख

अमेरिकेत, पश्चिम व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक नावाच्या खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ ला कोळशाच्या खाणीचा बांध फुटला. १२५ माणसं वाहून गेली आणि पाच हजारांपैकी सुमारे चार हजार बेघर झाली. सरकारने त्यांच्यासाठी फिरत्या घरांच्या छावण्या उभारल्या. ज्याचा नंबर आधी त्याला जागा आधी, त्यामुळे जुने शेजारी वेगवेगळ्या छावण्यांत गेले. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी या लोकांशी बोलून १९७६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा होता की या माणसांना दोन वेगळे आघात झाले. पुराचा आघात प्रत्येकाला एकट्याला झाला. दुसरा आघात शेजार तुटण्याचा होता. तो हळूहळू झाला, कुणाला दिसला नाही, आणि बरं होण्याची ताकद ज्या नात्यांतून मिळते ती नातीच त्याने काढून घेतली.

किल्लारीचं दुखणं अगदी हेच आहे. माणूस मोठं दुःख एकट्याने सोसत नाही. रात्री दचकून उठल्यावर भिंतीपलीकडून कुणाचा तरी खोकला ऐकू यावा लागतो. चूल पेटली नाही तर शेजारणीला कळावं लागतं. ज्या घरात मेलेल्या माणसाला ओळखणारं कुणी जवळपास राहत नाही, त्या घरात त्याच्याबद्दल बोलणं बंद होतं. जागा म्हणजे आठवणींचं गाठोडं असतं, आणि ती गाठ शेजाऱ्यांनी धरून ठेवलेली असते.

पुढच्या गावासाठी

किल्लारीनंतर माळीण झालं, २०१४ मध्ये. तळिये झालं, २०२१ मध्ये. इर्शाळवाडी झाली, २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी डोंगर कोसळला, माणसं गाडली गेली, आणि वाचलेल्यांसाठी नवं गाव आखायची वेळ आली. धरणं, खाणी, महामार्ग, अभयारण्यं यांच्यासाठी उठलेल्या वाड्या-वस्त्या वेगळ्याच. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही संपलेले नाहीत. पुनर्वसनाचा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी महाराष्ट्र एक आहे. पण आपलं पुनर्वसन अजूनही घरं मोजतं. किती बांधली, किती वाटली, चावी कुणाच्या हस्ते दिली, याचीच नोंद होते.

५२ गावांनी शिकवलेलं काम साधं आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. प्लॉट पाडण्याआधी गावाची बैठक घ्या आणि जुन्या गावात कुणाचं घर कुणाला लागून होतं ते कागदावर उतरवा. प्रत्येक कुटुंबाला कोणता शेजार हवा ते विचारा, आणि ज्यांना जुन्या शेजारातून सुटका हवी आहे त्यांनाही तो हक्क द्या. ही चर्चा बायकांबरोबर वेगळी करा, कारण त्यांच्या वाटा पुरुषांना माहीत नसतात. घर लहान असलं तरी चालेल, पण पुढे ओसरी आणि मागे गोठ्याला जागा सोडा, म्हणजे माणूस ते आपल्या हाताने वाढवू शकेल. भिंती उभ्या राहण्याआधी झाडं लावा. देऊळ, मशीद, विहार, पार कुठं असावा हे इंजिनिअरने ठरवू नये. आणि घरांचा ताबा लॉटरी काढून कधीही देऊ नये.

या भागातल्या लोकांनी पहिलं गाव काही सेकंदांत गमावलं आणि दुसरं उभं करायला तीस वर्षं घालवली. त्यातली निदान दहा-पंधरा वर्षं वाचवता आली असती. पुढच्या वेळी कुठल्या तरी जिल्हाधिकारी कार्यालयात नव्या गावाचा नकाशा टेबलावर पसरला जाईल, तेव्हा त्यावर रेघ मारण्याआधी त्या गावातली माणसं टेबलाभोवती बसलेली असावीत. घर सरकारला देता येतं, गाव मात्र त्या माणसांनाच वसवता येतं.